मोहाच्या झाडाखाली उतरेल एवढं

अ‍ॅपमधलं नमुन्याचं जोडपं बर्फात उभं होतं.
त्याला लाल मफलर, तिला लाल टोपी,
आणि डोक्यावरून फुग्यांसारखे वर जाणारे बदाम.
"इथे तुमचा फोटो टाका."
टाकला. धोपाव्याच्या जेटीवरचा,
ज्यात तू डोळे मिटलेयस आणि मी पोट आत ओढलंय.
लगेच बर्फ पडायला लागला आपल्यावर.
फेरीबोटीच्या फळीवर, एसटीच्या टपावर,
तुझ्या अबोली साडीवर, माशांच्या पाट्यांवर
बर्फ.

मुश्ताक हसून हसून दोरखंडावर बसला.
"वयनी गारठंल ना, मास्तर!"
मला सगळे मास्तर म्हणतात ते तुझ्यामुळे.
मी तिकिटं फाडतो.

बर्फ काढला.
सूर्यास्त घ्यायचा ठरवला, खाडीच्या तोंडाशी.
पहिल्या दिवशी मध्ये बोकड आला.
दुसऱ्या दिवशी चिपळूणचं एक कुटुंब आलं
आणि त्यांनी मलाच त्यांचे फोटो काढायला लावले, सतरा.
तिसऱ्या दिवशी सूर्य अगदी शिस्तीत बुडाला
पण मी बोलायचं विसरलो.

बोलायचं काय, हाही एक घोळच.
वहीत लिहिलं होतं: प्रिय दर्शना,
आपल्या लग्नाच्या बाराव्या वाढदिवसानिमित्त.
वाचायला लागलो तर आवाज तोच निघाला,
वाहनचालकांनी हँडब्रेक ओढून
गाडीतून खाली उतरावे, हा.
"बाबा, प्रेमाने बोल ना," मोबाइलमागून इरा.
प्रेमानेच बोलतोय गं.
"मग चेहऱ्याला सांग तसं."

तरी झाला एकदाचा. चार मिनिटं वीस सेकंद.
दाभोळच्या बाजूचे दिवे होते त्यात,
चूल होती, तुझी सायकल,
परसातला तो फणस, ज्याला तू नापास म्हणायचीस,
त्याला यंदा दोन कुयऱ्या लागल्यात.
पाठवला.
सोमवारी एक टिक.
मंगळवारी एक टिक.
बुधवारी तुझा फोन, शाळेमागच्या टेकाडावरून,
जिथे मोहाच्या झाडाला पाठ लावून उभं राहिलं
तरच दोन काड्या येतात:
"काहीतरी पाठवलंयस. नुसतं गोल फिरतंय.
छोटं पाठव रे.
या झाडाखाली उतरेल एवढं."
आणि कट.

धडगाव किती लांब आहे
ते बदलीच्या कागदावर नुसतं एक नाव होतं.

रात्री शेवटची फेरी लागल्यावर
तिकिटाच्या खोक्यात बसून कापत गेलो.
आधी बदाम गेले. मग बासरी.
मग प्रिय. मग निमित्त.
सूर्य निम्मा ठेवून बघितला, मग तोही राहिला नाही.
फणसासाठी इरा भांडली, रडली,
शेवटी फणसाचा वेगळा फोटो पाठवायचं कबूल करून घेतलं
तेव्हा झोपली.

उरले अकरा सेकंद,
रेकॉर्डिंग चालू झालंय हे मला कळायच्या आधीचे.
मी वाकून चपलेतली वाळू झटकतोय
आणि वर न बघता विचारतोय,
आईला हा शर्ट आवडायचा की तो रेघांचा?
"दोन्ही नाही आवडायचे," इरा म्हणते.
मी हसतो. दात दिसतात, तो पडलेलासुद्धा.
तेवढ्यात बोटीचा भोंगा, आणि संपतं.
यात शुभेच्छा नाहीत, तुझं नाव नाही.
पाठवू की नको, म्हणेपर्यंत बोट लागलं.

शुक्रवारी दुपारी,
पलीकडून आलेल्या ट्रकवाल्याला सुटे देत होतो तेव्हा
तुझा आवाज आला. चार सेकंदांचा.
वारा, खूप वारा, आणि
"रेघांचा."
मागे कुणी पोरगं पाढा म्हणत होतं,
सतरा साते एकशे सतरा,
आणि तू त्याला
दुरुस्त केलं नाहीस.